नैराश्यासाठी कोणती थेरपी घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर "समुपदेशन घ्या" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. मग माणूस घरी येऊन फोनवर शोधायला बसतो. समोर येतात सीबीटी, आरईबीटी, आयपीटी, माइंडफुलनेस, सायकोडायनॅमिक अशी नावं. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणंही जड जातंय, त्याने यातून निवड करायची तरी कशी? हे पान त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. इथे फक्त मोठ्या माणसांच्या नैराश्याबद्दल लिहिलं आहे. मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी उपचारांची आखणी वेगळी असते.

मला जगणंच नको वाटतंय. तरी हे सगळं वाचत बसू का?

नको. आधी १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे, फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. मरण्याचा विचार नुसता येऊन जात नसेल, कसं आणि कधी हेही मनात ठरत असेल, तर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा १०८ वर रुग्णवाहिका मागवा. एकटे राहू नका. घरातल्या कोणाला तरी स्पष्ट शब्दांत सांगा. घरच्यांनी फवारणीची औषधं आणि गोळ्यांचा साठा त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात द्यावा. असा वेडा क्षण बऱ्याचदा थोड्या वेळाने ओसरतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. कोणती थेरपी घ्यायची हा प्रश्न त्यानंतरचा.

हे नैराश्यच आहे की नुसता वाईट काळ चाललाय?

निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास असणं किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही रस न उरणं, ही मुख्य खूण. जोडीला झोप आणि भूक बिघडते, थकवा येतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही, माणूस स्वतःला सतत दोष देत राहतो. आपल्याकडे अनेक जण उदासीबद्दल बोलतच नाहीत. अंग दुखतं, डोकं जड वाटतं, अशक्तपणा आलाय, एवढंच सांगतात आणि महिनोन्‌महिने टॉनिक घेत राहतात.

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. तिचे गुण ० ते २७ असतात. १० किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञाला दाखवायला हवं. २० किंवा वर म्हणजे तीव्र. ही प्रश्नावली निदान करत नाही, पण पुढे उपचारांचा उपयोग होतोय का हे मोजायला तिच्यासारखं सोपं साधन नाही. म्हणून पहिले गुण तारखेसह लिहून ठेवा.

थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी सांगा: आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की दोन-तीन तासांच्या झोपेवरही उत्साह उतू जात होता, भरमसाठ खर्च झाला, बोलणं थांबत नव्हतं? तसं असेल तर हा बायपोलर आजार असू शकतो, आणि त्याची औषधयोजना वेगळी असते.

मैत्रिणीशी बोलून मन मोकळं होतंच की. थेरपीत वेगळं काय मिळतं?

मैत्रिणीशी बोलून हलकं वाटतं, आणि ते बोलणं चालूच ठेवा. थेरपीत मात्र आजार कशावर टिकून आहे याचा एक अंदाज बांधतात, तो तुमच्यासमोर मांडतात आणि दर आठवड्याला तो तपासून बघतात. वेळ ठरलेली असते, साधारण ४५ मिनिटं ते तासभर. विषय तुमचाच असतो. तुमचं ऐकून समोरच्याला वाईट वाटेल, तो घरी जाऊन कोणाला सांगेल, ही भीती नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश अशा कायद्यात सांगितलेल्या मोजक्या बाबतींतच त्याला अपवाद होतो.

या सगळ्या पद्धतींत फरक काय? साध्या भाषेत सांगा.

व्याख्या वाचून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एक काल्पनिक बाई डोळ्यांसमोर आणू. वय ४४, सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका. वर्षापूर्वी आई गेली. मुलगा शिकायला पुण्याला आहे. नवऱ्याशी बोलणं डबा आणि लाइटबिलापुरतं उरलंय. चार महिन्यांपासून शाळेतून आली की ती आडवी होते. भजनी मंडळ सुटलं, मैत्रिणींचे फोन ती उचलत नाही. मनात घोळत राहतं: "आईच्या शेवटच्या दिवसांत मी कमी पडले. माझ्याकडून काहीच नीट झालं नाही."

सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, करणारा थेरपिस्ट हे वाक्यच समोर ठेवतो. फिलाडेल्फियात मनोविश्लेषणाचं शिक्षण घेतलेल्या आरोन बेक यांच्या १९६० च्या दशकात लक्षात आलं, की नैराश्यातल्या माणसाच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल ठरावीक काळे विचार आपोआप उमटत असतात, आणि ते त्याला विचार न वाटता वस्तुस्थिती वाटतात. म्हणून थेरपिस्ट बाईंना विचारेल: काहीच नीट झालं नाही, हे कशावरून? आईच्या आजारपणात तुम्ही काय काय केलंत, ते लिहून आणाल का? शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेवर हीच वेळ आली असती, तर तुम्ही तिला काय म्हणाला असता? हा वकिली युक्तिवाद नाही. दोघं मिळून पुरावा तपासतात, आणि कधी कधी विचारात तथ्यही निघतं. मग त्याचं काय करायचं यावर बोलणं होतं. सीबीटीत वर्तनावरही काम होतं. वही, तक्ता, गृहपाठ हे सगळं असतं.

आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) ही त्याच कुळातली, बेक यांच्याही आधीची. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ती सुरू केली. इथे थेरपिस्ट पुराव्यापेक्षा आग्रहाकडे बघतो. समजा, आईच्या शेवटच्या दिवसांत बाईंना खरोखरच रजा मिळाली नाही. ते दुःखद आहेच. पण "मी तिथे असायलाच हवं होतं, आणि नव्हते म्हणून मी नालायक" या हट्टाने दुःखाचं नैराश्य होतं, असं एलिस यांचं म्हणणं. चूक झाली तरी माणूस म्हणून स्वतःला स्वीकारणं हा या पद्धतीचा गाभा आहे. थेरपिस्ट इथे बराच थेट बोलतो. काहींना तो थेटपणा मानवतो, काहींना टोचतो.

बिहेविअरल ॲक्टिव्हेशन, थोडक्यात बीए, विचारांना हातच लावत नाही. तिला दिसतं ते असं: भजन बंद, फोन बंद, संध्याकाळचं फिरणं बंद. ज्या ज्या गोष्टींतून थोडं समाधान मिळायचं, त्या सगळ्या सुटल्या. म्हणून मन आणखी खचलं, म्हणून आणखी गोष्टी सुटल्या. मूड सुधारला की करीन, असं म्हणत थांबलं तर मूड सुधारतच नाही. म्हणून आधी कृती. तीही अगदी लहान: मंगळवारी साडेपाचला अंगणात दहा मिनिटं बसायचं, गुरुवारी एका मैत्रिणीला फोन करायचा, पाच मिनिटं. काय केलं आणि नंतर कसं वाटलं, हे दोन्ही लिहायचं.

आयपीटी, म्हणजे इंटरपर्सनल थेरपी, नात्यांकडे बघते. अमेरिकेत जेरल्ड क्लर्मन आणि मिर्ना वाइसमन यांनी ती १९७० च्या दशकात घडवली. नैराश्य सुरू झालं त्या सुमारास आयुष्यात काय घडलं, हा तिचा पहिला प्रश्न. न संपलेला शोक, जवळच्या माणसाशी धुसफूस, आयुष्यातली भूमिका बदलणं आणि एकाकीपणा, अशी चार क्षेत्रं ती धरते आणि त्यातलं एक, फार तर दोन निवडते. आपल्या शिक्षिकेच्या बाबतीत तीन क्षेत्रं उघड दिसतात: आईचा शोक, मुलगा गेल्यावर रिकामं झालेलं घर, नवऱ्याशी अबोला. थेरपिस्ट तिला आईबद्दल सविस्तर बोलू देईल, आणि नवऱ्याला काय सांगायचंय ते कोणत्या शब्दांत सांगता येईल, याचा खोलीतच सराव करून घेईल.

सायकोडायनॅमिक थेरपी मागे जाते. "कमी पडले" हा सूर आईच्या मृत्यूच्या आधीपासूनचा आहे का? लहानपणी कोणाला खूश ठेवावं लागायचं? आईवरचा कधीच बोलून न दाखवलेला राग आता स्वतःवर उलटतोय का? थेरपिस्टसमोरही ती सतत माफी मागत असेल, तर त्याबद्दलही बोललं जातं. गृहपाठ नसतो. तिचं आखूड रूप साधारण १६ ते २४ सेशनचं असतं, लांब रूप वर्ष-दीड वर्ष चालतं.

प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थेरपी सगळ्यात साधी: अडचणींची यादी करा, एक निवडा, तिच्यावरचे सगळे उपाय लिहा, एक करून बघा, आठवड्याने तपासा. झिंबाब्वेत दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून वस्तीतल्या आज्या हीच थेरपी देतात, आणि तिचा चांगला उपयोग होतो हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं.

मग यातली सगळ्यात चांगली कोणती?

नैराश्यासाठी एखादी पद्धत बाकीच्यांहून ठळकपणे सरस आहे, असं आजवर कोणाला दाखवता आलेलं नाही. हे ऐकून लोकांची निराशा होते. खरं तर ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

१९८९ साली अमेरिकेत २५० रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात सीबीटी, आयपीटी, इमिप्रॅमिन हे औषध आणि निष्क्रिय गोळी यांची तुलना होती. दोन थेरप्यांमध्ये मोठा फरक निघाला नाही. २०२१ साली नेदरलँड्समधले पिम क्वाय्पर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या ३३१ चाचण्या एकत्र करून आठ प्रकारच्या थेरप्या ताडून पाहिल्या. सीबीटी, बीए, आयपीटी, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग, सायकोडायनॅमिक वगैरे सगळ्या उपयोगी ठरल्या आणि त्यांच्यातलं अंतर थोडंच निघालं. मागे पडलं ते फक्त ऐकून घेऊन धीर देणारं, कुठलीही दिशा नसलेलं समुपदेशन. त्याचाही उपयोग होतो, पण बाकीच्यांपेक्षा कमी.

आता "सगळ्या सारख्याच" याचा अर्थ "काहीही चालेल" असा होत नाही. त्या चाचण्यांमधल्या थेरपिस्टना प्रशिक्षण होतं, त्यांच्यावर देखरेख होती, सेशनांची आखणी होती आणि रुग्ण बरेचसे शेवटपर्यंत आले होते. दुसरं, ही सगळी सरासरी आहे. तुमच्यासाठी एखादी पद्धत जास्त लागू पडू शकते, फक्त ते आधी सांगता येत नाही. म्हणून पद्धतीच्या नावावर महिनाभर घोळ घालण्यापेक्षा जवळचा, प्रशिक्षित आणि ज्याच्याशी जमेल असा माणूस शोधून सुरुवात करणं शहाणपणाचं.

तरीही निवड करायचीच तर कशावरून करू?

हातपायच हलेनासे झालेत, दिवसभर पडून राहावंसं वाटतंय, तर बीए. डोक्यात स्वतःवर खटला चाललाय, तर सीबीटी किंवा आरईबीटी. कोणी गेलं, घटस्फोट झाला, बाळंतपण झालं, निवृत्ती आली, सासरी वाद पेटला आणि तिथून सगळं सुरू झालं, तर आयपीटी. तीच ती नाती, तेच ते शेवट, वर्षानुवर्षं, असा अनुभव असेल आणि वेळ काढायची तयारी असेल, तर सायकोडायनॅमिक. कर्ज, नोकरी, कोर्टकचेरी अशा ठोस अडचणींचा डोंगर असेल, तर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग. ही माझी ढोबळ वाटणी आहे. काही सुचतच नसेल, तर माझं मत बीएने सुरुवात करावी असं आहे. समजायला ती सर्वांत सोपी, आणि आपल्या मातीतला पुरावाही तिच्या बाजूने भक्कम आहे.

आपल्याकडचा पुरावा म्हणजे कोणता?

गोव्यातला. हे काम मराठी वाचकांना माहीत असायलाच हवं, इतकं ते महत्त्वाचं आहे आणि इतकं शेजारचं आहे.

गोव्यात १९९६ साली 'संगत' ही संस्था उभी राहिली. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. अडचण सगळ्यांना दिसत होती: मानसोपचारतज्ज्ञ मोजके, रुग्ण अगणित. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या दर १०० जणांमागे सुमारे ८५ जण उपचाराविना असल्याचं आढळलं. मग 'संगत'ने विचारलं, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाला थेरपी शिकवता येईल का? आधीच्या 'मानस' प्रकल्पात त्यांनी आयपीटी वापरली होती. पुढे 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम' आखला, तो बीएवर आधारलेला. सहा ते आठ सेशन, प्रत्येकी ३०-४० मिनिटं, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. थेरपी देणारे स्थानिक, सामान्य लोक. त्यांना प्रशिक्षण दिलं, मग देखरेखीखाली सराव करून घेतला. ते एकमेकांच्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून गुण देत आणि कुठे चुकलं यावर बोलत.

दहा आरोग्य केंद्रांतल्या ४९५ जणांवर चाचणी झाली. सगळ्यांचे पीएचक्यू-९ चे गुण १४ च्या वर, म्हणजे सौम्य उदासी कोणाचीच नव्हती. तीन महिन्यांनी ही थेरपी मिळालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांचे गुण १० च्या खाली आले. केवळ नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. हा फायदा वर्षभरानंतरही टिकून असल्याचं नंतर दिसलं.

याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमधल्या ४४० जणांच्या चाचणीत, कमी प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी दिलेली बीए ही अनुभवी थेरपिस्टच्या सीबीटीच्या तोडीस तोड ठरली, तीही कमी खर्चात. युगांडाच्या खेड्यांत २००३ साली गटातल्या आयपीटीने असंच करून दाखवलं होतं.

महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घराघरांत नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. विदर्भाच्या शेतकरी आत्महत्यांवर इतकं बोललं जातं. त्या बोलण्यात हा आकडा फार क्वचित येतो.

महाराष्ट्रात आरईबीटीचं नाव इतकं का ऐकू येतं?

कि. मो. फडके यांच्यामुळे. त्यांचा एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार होता. त्यांनी मुंबईत बसून ही पद्धत शिकवली आणि तिच्यावर मराठीत लिहिलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली उभ्या केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने ती आणखी लोकांपर्यंत नेली. त्यामुळे 'विवेकनिष्ठ' विचारपद्धतीवर, म्हणजे आरईबीटीवर, मराठीत चांगलं साहित्य आहे आणि मराठीत आरईबीटी करणारा थेरपिस्ट सापडणं तुलनेने सोपं आहे. तुमच्या निवडीत हा मुद्दा वजनदार ठरावा. आयपीटीचं पूर्ण प्रशिक्षण घेतलेला माणूस आपल्या जिल्ह्यात सापडेलच असं नाही.

गोळ्या घ्याव्यात की थेरपी?

सौम्य आजारात आधी थेरपी करून बघता येते. मध्यम ते तीव्र आजारात दोन्ही एकत्र दिल्यास कुठल्याही एकापेक्षा जास्त उपयोग होतो, आणि अनेक वर्षं रेंगाळलेल्या नैराश्यात तर दोन्ही हवंच. माणूस जेवत-झोपत नसेल, भास होत असतील किंवा मरणाची भाषा करत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला आधी भेटा. त्या अवस्थेत तक्ते भरायला लावणं क्रूरपणा आहे.

थेरपीची एक जमेची बाजू आहे. सीबीटीने बरे झालेल्यांचा आजार, गोळ्यांनी बरे होऊन त्या बंद केलेल्यांच्या तुलनेत कमी वेळा उलटतो. शिकलेलं सोबत राहतं. मात्र चालू असलेल्या गोळ्या थेरपी सुरू झाली म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ध्यान किंवा विपश्यना केली तर चालेल का?

माइंडफुलनेसवर, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्यावर, आधारलेली एमबीसीटी ही थेरपी आहे. ती आठ आठवड्यांची, गटात चालणारी. मूळ हेतू आजार पुन्हा उलटू नये हा. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांच्या २००० सालच्या अभ्यासात, ज्यांना तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात ते परतण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं.

इगतपुरीचं दहा दिवसांचं शिबिर ही वेगळी गोष्ट आहे. दिवसाचे दहा-दहा तास मौनात बसायचं, भोवती थेरपिस्ट नाही. आजार जोरात असताना तिथे जाऊ नका. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात; तिथे खरं लिहा. बरे झाल्यावर, डॉक्टरांना विचारून जा.

किती सेशन लागतात? खर्च किती?

सीबीटीची साधारण १२ ते २०, आयपीटीची १२ ते १६. पुण्या-मुंबईत खासगी सेशनची फी हजार ते तीन हजार रुपयांच्या आसपास असते, आणि ती दर आठवड्याला देणं बहुतेक घरांना परवडत नाही. म्हणून लोक महिन्यातून एकदा जातात. सुरुवातीला तरी तसं करू नका. महिन्याभराचं अंतर पडलं की प्रत्येक सेशन मागची हकिकत सांगण्यातच संपतं. त्यापेक्षा दोन महिने दर आठवड्याला, मग अंतर वाढवत नेणं बरं. फी कमी होईल का, हे विचारायला संकोचू नका. अनेक थेरपिस्ट काही जागा सवलतीत ठेवतात.

जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. नावाला घाबरून लोक तिथे जात नाहीत, पण ओपीडीत दाखवून त्याच दिवशी घरी परतणारेच तिथे मोठ्या संख्येने असतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागातही चौकशी करा. विम्याबाबत, कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलं आहे. मात्र बऱ्याच पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, तेव्हा ओपीडीचं कलम वाचून घ्या.

थेरपिस्ट खरा आहे हे कसं ओळखायचं?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. तो औषधं देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारणं हा तुमचा हक्क आहे. 'समुपदेशक' ही पाटी मात्र चार दिवसांचा कोर्स केलेलाही लावू शकतो. मानसशास्त्रात एमए करून नीट सराव केलेले उत्तम समुपदेशकही आहेत, म्हणून पाटीपेक्षा प्रश्न विचारा: शिक्षण कुठलं? नैराश्यासाठी कोणती पद्धत वापरता? किती सेशन लागतील असं वाटतं? तुमच्या कामावर वरिष्ठांची देखरेख आहे का? मला फरक पडतोय का हे कसं मोजाल?

या प्रश्नांवर जो चिडतो त्याच्याकडे परत जाऊ नका. "महिन्याभरात शंभर टक्के बरे करतो" म्हणणाऱ्याकडेही नको. लग्न करून टाका, देवाचं करा, सकारात्मक विचार करा, असा उपदेश करणाऱ्याकडे तर मुळीच नको. तो उपदेश घरी फुकट मिळतोच.

गृहपाठ होतच नाही. मग लाज वाटून जाणं टाळतो.

हे फार जणांचं होतं. गृहपाठ न होणं हे आजाराचं लक्षण आहे आणि थेरपिस्टसाठी ती माहिती आहे. जाऊन तेच सांगा: नाही झालं. चांगला थेरपिस्ट काम निम्मं करेल, मग आणखी निम्मं. अर्धा तास चालणं जमत नसेल तर चपला घालून दारापर्यंत. कोऱ्या वहीने गेलात तरी चालेल, पण जा.

काहीच फरक नाही. किती थांबू?

दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ भरा. पाच-सहा सेशननंतरही गुण जागचे हलले नसतील, तर त्याबद्दल थेरपिस्टशी उघड बोला. निदान बरोबर आहे का, दारू किंवा घरातली मारहाण अशी न सांगितलेली गोष्ट मध्ये येतेय का, औषध जोडायचं का, पद्धत बदलायची का, हे सगळं तेव्हा तपासायचं. माणूस बदलायचा असेल तरी शेवटचं एक सेशन घेऊन सांगून निघा. मात्र दुसऱ्या भेटीत रडू आलं आणि जास्त थकवा आला, एवढ्यावरून सोडू नका. जड विषय निघाला की तसं होतं.

दोघांचं ध्येय एक असणं, ते गाठायचा मार्ग पटणं आणि एकमेकांबद्दल विश्वास असणं, या तीन गोष्टींना थेरपीतलं नातं म्हणतात. कुठल्याही पद्धतीत बरं होण्याशी ते जोडलेलं आढळतं. ते जुळत नसेल तर तुमचा दोष नाही.

ऑनलाइन घेतली तर?

व्हिडिओवरची थेरपी समोरासमोरच्या थेरपीइतकीच उपयोगी पडते. अडचण असते ती जागेची. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई पलीकडे बसलेल्या असताना सून काय बोलणार? गच्ची, गाडी, मैत्रिणीचं घर, काहीतरी आधी ठरवा. नुसती ॲप, ज्यामागे माणूस नाही, ती लोक अर्ध्यात सोडतात.

परदेशातल्या मराठी लोकांसाठी: इंग्लंडमध्ये एनएचएसच्या 'टॉकिंग थेरपीज' सेवेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं, ती मोफत आहे आणि दुभाषा मागता येतो. अमेरिकेत परवाना राज्यापुरता असतो, म्हणून थेरपिस्टला तुमच्या राज्यात काम करायची परवानगी आहे का ते बघा.

घरच्यांनी काय करायचं?

सेशनहून आल्यावर "काय बोललात?" असं विचारू नका. जायची वेळ, रिक्षा, मुलांना सांभाळणं याची सोय करा. बीए चालू असेल तर ठरलेल्या छोट्या कामात सोबत करा, पण मागे लागू नका. "तुला काय कमी आहे?" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. त्या माणसाने ते स्वतःला शंभरदा विचारलेलं असतं. आयपीटीत थेरपिस्टने नवऱ्याला किंवा सासूला बोलावलं तर जा. कोण चूक हे ठरवायला ते बोलावत नाहीत.

बरं वाटायला लागलं. थेरपी कधी थांबवू?

बरं वाटलं त्या आठवड्यात नको. पीएचक्यू-९ चे गुण ५ च्या खाली येऊन काही आठवडे टिकले की थेरपिस्टशी बोलून सेशन पंधरा दिवसांनी, मग महिन्याने करा. शेवटची दोन सेशन पुढच्या तयारीसाठी राखून ठेवा. आजार परतताना तुमच्यात सगळ्यात आधी काय बदलतं, ते कागदावर लिहा: पहाटे चारला जाग येणं, आंघोळ टाळणं, फोन न उचलणं, काहीही असो. त्याखाली, तेव्हा काय करायचं आणि कोणाला फोन करायचा हे लिहा, आणि घरातल्या एका माणसाला त्याची प्रत द्या. ज्यांना आधी दोन-तीनदा नैराश्य येऊन गेलंय, त्यांनी एमबीसीटीची चौकशी करावी. तीन आणि सहा महिन्यांनंतरच्या तपासणीच्या तारखा शेवटच्या सेशनमध्येच ठरवून घ्या, आणि तेव्हा अगदी ठणठणीत वाटत असलं तरी जा.